काचेच्या टाकीतली काळी माती

माशांच्या काचेच्या टाकीत तळाला शेतातली माती घालायची आहे, असं मी घरात सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, दुकानात पंख्याखाली बसत जा. ऊन लागलं तुम्हाले."

वैशाख होता. डोणगावात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, तेव्हा तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शिवाय आमचं खाली कृषी केंद्र आणि वर घर. लग्न होऊन आल्यापासून ती बिचारी खताच्या आणि फवारणीच्या औषधांच्या वासात स्वयंपाक करते. जिन्यात पोती, गच्चीवर ताडपत्र्या, आणि आता बैठकीत चिखल. "घरचं झालं थोडं, अन व्याह्यानं धाडलं घोडं," असं पुटपुटत ती आत गेली. एरवी मी ऐकून घेणाऱ्यातला नाही, पण त्या दिवसांत माझा जीव दुसऱ्याच गोष्टीवर टांगलेला होता. टाकी हे निमित्त होतं. मला आईच्या हाताला काम पाहिजे होतं.

झालं असं होतं. थंडी सरता सरता एक दिवस आई गव्हाचा डबा घेऊन दळायला गेली. गिरणी मागच्याच गल्लीत आहे, डोळे मिटून जावं इतकी जवळ. बराच वेळ झाला तरी ती आली नाही. मी दुकान तसंच टाकून गिरणीवर गेलो, तिथं नाही. मारुतीच्या पारावर गेलो, तिथं नाही. तेवढ्यात बसस्टँडसमोर पंक्चर काढणारे चाचा तिला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन आले. तिच्या मांडीवर डबा, डब्यात गहू तसेच्या तसे. चाचांनी मला बाजूला घेतलं. "अम्मा लोनारच्या गाडीची राह पाहत होत्या," ते म्हणाले. "मी इचारलं, गहू घेऊन कुठं? तर म्हने, माहेरी."

लोणार तिचं माहेर आहे खरं, पण तिथं आता तिचं कुणी उरलेलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "गिरनी बंद होती न, म्हून जराशी टेकली मी तिथं." गिरणी चालू होती. मी तिच्यासमोरूनच पळत आलो होतो, पट्ट्याची घरघर अजून माझ्या कानात होती.

त्याआधी दूध उतू जाऊन गॅस विझणं, वरणात दोनदा मीठ पडणं, असं किरकोळ झालं होतं. ते कुणाचंही होतं. गहू घेऊन माहेरी निघणं कुणाचंही होत नाही. मेहकरच्या डॉक्टरांनी तिला वार विचारला, महिना विचारला, सकाळी काय खाल्लं ते विचारलं. तिनं थोडं सांगितलं, थोडं हसण्यावारी नेलं. डॉक्टर मला म्हणाले, वयानं थोडंफार होतंच. हे तेच आहे की दुसरं काही, ते आज सांगता येत नाही. पावसाळ्यात पुन्हा आणा. तोवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, आणि हाताला काम द्या. एकामागून एक करायचं असतं ना, तसलं काम.

बस. तेव्हापासून मी पहारेकरी झालो. बोलता बोलता, सहज तोंडातून निघाल्यासारखं विचारायचो, "आई, आज वार कोनता हाये वं?" सुरुवातीला ती सांगायची. मग एकदा हातातली वात खाली ठेवून माझ्याकडं पाहत म्हणाली, "एवढं मोठं दुकान हाये तुहं. भित्तीवर एक कॅलेंडर नाई काय तिथं?"

मला हसू आलं, आणि हसता हसताच धडकी भरली. कारण तिनं वार सांगितला नव्हता.

टाकी जुनीच होती. कधीकाळी मी तिच्यात निळे-गुलाबी खडे घालून मासे पाळायचो, आणि ते नेमानं मरायचे. आता मोबाइलवर एकाचं पाहिलं होतं: तळाला साधी माती, तिच्यावर वाळूचा थर, मातीत पाण्यातली झाडं. झाडं मातीतून खातात, पाणी स्वच्छ ठेवतात, मासे सुखानं जगतात. सगळी मेहनत ती माती तयार करण्यात. मातीचं काम, आणि तेही एकामागून एक. आईनं सगळं आयुष्य मातीतच काढलेलं. यापेक्षा दुसरं औषध कोणतं असणार होतं?

"कायले पाळतं मासे?" ती म्हणाली. "खात त नाई तुमी."

"पाह्याले."

"पाह्याले!" तिनं वरच्या देवाला साक्षीला घेतल्यासारखं छताकडं पाहिलं. पण माती म्हटल्यावर कान टवकारले तिचे. मी सांगितलं, माती अशी पाहिजे की जिनं कधी खत खाल्लेलं नाही. खत असलं तर पाण्यात उतरतं आणि माशांना मारतं. त्यावर ती एका क्षणात म्हणाली, "मंग वावरातली नको घेऊ. बांधावरची घे, निंबाखालची. तिथं कोनी मूठभर बी टाकत नाई."

बाबा गेल्यापासून शेत आम्ही शेजाऱ्याला ठोक्यानं कसायला दिलं आहे, त्याला आता तीन वर्षं होतील. त्या कडुनिंबाखाली बाबा दुपारची भाकर खायचे. मी दोन घमेली माती पोत्यात भरून आणली आणि गच्चीवर ओतली. आईनं एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं, वास घेतला. "हाव," म्हणाली. जणू कुणी ओळखीचं भेटलं होतं.

मग सुरू झालं ते काम. माती टबात भिजवायची. काडीकचरा, मुळ्या, वाळकी पानं वर तरंगतात, ती काढून टाकायची. पाणी निथळायचं. माती ताडपत्रीवर पसरून उन्हात वाळवायची. आपली काळी माती वाळली की कौलासारखी होते, मग ती फोडायची, चाळायची, आणि पुन्हा भिजवायची. असं होत होत तिच्यातलं कच्चं जे काही असेल ते उन्हापाण्यात सडून, जळून जातं. नाहीतर तेच टाकीत वाळूखाली कोंडून सडतं, तळ काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि मासे जातात. हे सगळं मी तिला पाठ म्हटल्यासारखं सांगत होतो. ती म्हणाली, "समजलं रे बाप्पा. उन्हाळ्यात नांगरून वावर तापत ठेवतेत, तेच हाये हे. उगा शाळा नको घेऊ."

सकाळी ऊन चढायच्या आत आणि उतरल्यावर ती गच्चीवर असायची. मी खालून काहीतरी निमित्त काढून वर यायचो. गिऱ्हाईक समोर उभं असायचं, सोयाबीनच्या बियाण्याचं विचारत असायचं, आणि माझं लक्ष वर, पावलांच्या आवाजाकडं. आवाज थांबला की मी बिल अर्धवट टाकून वर पळायचो. जिन्याच्या दाराला मी नवीन कडी बसवून घेतली होती. बायकोला सांगितलं, मांजर येतं म्हणून. तिला खरं कळलं होतं. ती फक्त म्हणाली, "आईले कळलं न, त तुमची कडी काढतीन त्या."

काळ्या मातीत चुनखडीचे खडे फार. ते राहिले तर पाणी जड होतं. आधीच आमच्या बोअरचं पाणी असं की तांब्याला पांढरा थर बसतो. तेव्हा ते खडे निवडणं आलं. आई सुपात माती घेऊन बसली आणि डाळ निवडावी तशी निवडू लागली. चुनखडी कोणती आणि साधा दगड कोणता, हे ओळखायला मी तिला लिंबू दिलं. खड्यावर थेंब पिळला की चुनखडी फसफसते. तिला त्याचं एवढं नवल वाटलं की घरातली लिंबं संपली. "पाह्य, पाह्य, बोलते ते!" ती म्हणायची. बायको खालून ओरडायची, "आई, सरबताले एक तरी ठेवा!" ते दिवस चांगले होते. आई सगळं बरोबर करत होती. भिजवणं, निथळणं, वाळवणं, फोडणं, चाळणं, निवडणं. मधलं एकही चुकत नव्हतं. दुकानात बसल्या बसल्या मी मनातल्या मनात डॉक्टरांशी बोलायचो: पाहा, काही झालेलं नाही तिला. मीच घाबरट.

आणि मग एका संध्याकाळी वर आलो तर चाळून, निवडून तयार ठेवलेली सगळी माती तिनं पुन्हा टबात भिजवलेली.

"आई, हे तर झालं होतं न?"

तिचे हात टबात होते. ती थांबली. मातीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "झालं होतं?" म्हणाली. मग लगेच, "मले वाटलं, अजून एक डाव होऊ दे. काय बिघडते?"

बिघडत काहीच नव्हतं. जास्त धुतली तर माती चांगलीच होते. पण त्या दोन वाक्यांच्या मधे जी थोडीशी जागा होती ना, तीच मला पोखरत राहिली. तिला खरंच वाटलं होतं अजून एकदा करावं, की तिला आठवत नव्हतं आणि मी विचारल्यावर तिनं सावरून घेतलं? बायको म्हणाली, "तुम्ही भाजीतलं मीठ बी असंच तपासता आजकाल. पहिल्यांदा तोंडावर हसू आलं त्यांच्या इतक्या महिन्यांत, ते पाहा की." ते मी पाहतच होतो. म्हणून तर जास्त भीती वाटत होती.

वाळू पैनगंगेची. ती आईनं तांदळासारखी धुतली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. टाकी बैठकीत खिडकीपाशी मांडली. ओली माती तळाला दोन बोटं पसरली, मागं जरा जाड, पुढं पातळ. आई तळव्यानं ती दाबत गेली, तिचा हात अर्धगोल फिरत होता, सारवताना फिरतो तसा. तिच्यावर वाळू. वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडलं, म्हणजे तळ उकरत नाही. मी श्वास रोखून बघत होतो. पाणी थोडं गढूळलं, बस. आईनं काचेवर नाक टेकवून आत पाहिलं. "बरं झालं वावर," म्हणाली.

नदीच्या डोहातून आणलेलं लांब पात्यांचं पाणगवत आम्ही लावलं, तिनं रोप लावावं तसं दोन बोटांनी. गवताला मूळ धरायला वेळ दिला. मग मेहकरहून गप्पी मासे आणले, अगदी लहान, शेपट्या रंगीत. आई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची. दुपारची झोप गेली तिची. कोणता मासा कुणाच्या मागं लागतो, कोण खादाड, कोण भांडखोर, याची खबर मला जेवताना मिळायची. आदल्या दिवशीचीसुद्धा. आदल्या दिवशीचं तिला आठवत होतं!

थोड्या दिवसांनी गवताची पानं पिवळी पडू लागली. नवीन जागी ती आधी पिवळी पडतातच, मग नवीन फुटतात. हे मला माहीत होतं. आईला ते बघवेना.

"भुकेलं हाये ते," ती म्हणाली.

"नाई वं. होते तसं."

"पान पाह्य न त्याचं. कपाशी अशी झाली त काय करतेत?"

कपाशी अशी झाली की लोक माझ्याच दुकानात येतात आणि युरियाचं पोतं घेऊन जातात. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "आई, याच्यात काही टाकाचं नाई. खत नाई, शेन नाई, राख नाई. काहीच नाई. मासे मरतीन. समजलं?"

"हाव."

"सांग बरं, काय म्हनलं मी?"

ती संतापली. "काई टाकाचं नाई, मासे मरतीन! मी काय अंगनवाडीतली पोरगी हाये काय रे?"

मला हायसं वाटलं. किती मूर्खपणाचं होतं ते, आता कळतं. पण तेव्हा वाटलं, बरं झालं, तिच्या तोंडून वदवून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात सकाळी दुकान उघडायला निघालो, जाता जाता टाकीकडं पाहिलं आणि पाय तिथंच खिळले. सगळे मासे वर आले होते. तोंडं पाण्याच्या बाहेर काढून, धापा टाकत. एक तळाला आडवा. मी पाणी हातावर घेऊन वास घेतला. जरासाच होता, पण होता. गोठ्याच्या कोपऱ्यात येतो तो, नाकात चढणारा. ज्यानं उभं आयुष्य खत विकलंय त्याला तो वास सांगावा लागत नाही.

"बादली आन!" मी बायकोला ओरडलो. आदल्या दिवशीचं भरून ठेवलेलं पाणी होतं, त्यात मासे काढले. जाळी दोनदा पाण्यात पडली. आणि सगळा वेळ डोक्यात मासे नव्हतेच. डोक्यात एकच: तिनं टाकलं. मी सांगितलं होतं, तिनं परत म्हणून दाखवलं होतं, आणि तरी टाकलं. म्हणजे विसरली. आठवडाभरात, एवढं ठळक सांगितलेलं, पार पुसलं गेलं. मग डॉक्टर म्हणाले ते दुसरं काही, ते हेच.

टाकीखालच्या लाकडी फळीवर दोन-तीन पांढरे दाणे होते. बोट ओलं करून एक उचलला, तळहातावर पाण्यात विरघळवला. तळहात गार पडला. युरियाच. फाटलेल्या पोत्याखाली सांडतो, रोज झाडून काढतो आम्ही.

आई आंघोळ करून देवापाशी बसली होती. मी दारात उभा राहिलो. खरं सांगतो, विचारायचं धाडस होत नव्हतं. ती "मी नाई टाकलं" म्हणाली असती तर? तिच्या डोळ्यांत टबापाशी जे दिसलं होतं तेच दिसलं असतं तर? बायकोनं माझ्या मागून हळूच म्हटलं, "माशांपायी त्यांले कोर्टात उभं नका करू." पण मला राहवेना.

"आई, टाकीत काही टाकलं काय तू?"

तिनं हातातली घंटी खाली ठेवली. "टाकलं न," म्हणाली. "युरिया."

अगदी सरळ.

"चिमूटभर. एकेका झाडाच्या बुडाशी बोट खुपसून, वरून वाळू लोटली. तू मेहकरले गेल्ता न, औषधाची गाडी आनाले, त्या दिवशी. दुपारी. तुही बायको धुनं वाळू घालत होती वरतं."

"अन मी नाई म्हनलं होतं ते?"

"याद हाये मले," ती म्हणाली. "तू म्हनलं होतं काई टाकाचं नाई. पन तुले काय समजते शेतीतलं? बुडाखाली नुसते पोते घेऊन बसतं तू. माह्या डोयादेखत गवत पिवयं पडून राह्यलं, अन मी पाहत बसू?"

सगळं आठवत होतं! दिवस, वेळ, मी कुठं होतो, बायको कुठं होती, मी काय बजावलं होतं, सगळं. तिनं विसरून नाही, ऐकायचं नाही म्हणून टाकलं होतं. जन्मभर जशी ती कुणाचं ऐकत आली नाही, तशीच. मला इतका आनंद झाला की मी तिथंच खाली बसलो आणि हसायला लागलो. तिकडं बादलीत मासे मरणाच्या दारात, आणि मी हसतोय. बायकोनं डोळ्याला पदर लावला. आई आमच्याकडं आळीपाळीनं पाहत होती. "येडे झाले काय तुमी दोघं?"

"नाई वं," मी म्हणालो. "टाकलं त टाकलं. चांगलं केलं."

"चांगलंच केलं," ती म्हणाली, आणि घंटी पुन्हा उचलत, जरा गुरकावूनच, पुढं बोलली, "माह्या मनानं नाई टाकलं मी. तुह्या बाबाले इचारलं न आधी. तो म्हने टाक, पन जास्त नको टाकू."

घंटी वाजू लागली. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते कसं मिटवायचं ते कळेना.

स्वप्नात विचारलं असेल, बायको नंतर म्हणाली. देवापाशी बाबांचा फोटो आहे, त्याच्याशी बोलल्या असतील. आपल्याकडं बायका बोलतात तशा. माझी आजी बोलायची की, असंही ती म्हणाली. मी हो हो म्हणालो. कधी विचारलं, कुठं बसून विचारलं, हे मी आईला विचारू शकलो असतो. विचारलं नाही. वार विचारणारा मी, ते मात्र विचारू शकलो नाही.

बादलीतले काही मासे गेले, बाकीचे जगले. आईला मी सांगितलं की मातीत खत मुरलंय, ती काढावी लागेल. मासे मेले तेही सांगितलं. ती बराच वेळ बादलीपाशी उकिडवी बसून होती. "एवढ्याशानं?" म्हणाली. "वावरात त मुठीनं फेकतेत." मग स्वतःच उठली आणि पोतं शोधायला लागली. निंबाखालची माती पुन्हा आणली. पुन्हा टब, ताडपत्री, सूप, लिंबं. आकाशात आता दुपारून ढग यायचे, ऊन मिळेल की नाही याची तिला घाई. मी पूर्वीसारखाच खालून वर, वरून खाली. फरक एवढाच, की आता ती कुणाशी बोलताना ऐकू आली की मी जिन्यात थांबून आधी ऐकायचो, ती कुणाशी बोलते आहे. बहुतेक वेळा चिमण्यांशी असायची.

माती तयार झाली. टाकी घासून, धुऊन पुन्हा खिडकीपाशी मांडली. तळाला माती पसरून झाली, आईचा हात पुन्हा तसाच अर्धगोल फिरत होता. वाळूचं घमेलं माझ्याजवळ होतं. वाळू घालायची, की संपलं. पण तिचं ते बाबांना विचारणं मनात ठेवून मला पुढं जाता येईना. इतके दिवस मी ते गिळत होतो. ती बाबांबरोबर जिथं कुठं होती तिथं तिला एकटं सोडणं मला जमेना, आणि तिला तिथून ओढून आणायचीही भीती वाटत होती. म्हणून मी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"आई, या डाव बाबाले इचारून घेतं काय, काही टाकाचं काय म्हून?"

तिचा हात थांबला. तिनं मान वर केली. माझ्या तोंडाकडं ती अशी पाहत राहिली की मला वाटलं, चूक झाली.

"काय बोलून राह्यला रे तू?" ती म्हणाली. "तुहा बाप मेला न. तीन वर्सं होऊन राह्यले. अग्नी तूच देल्ला."

मी वाळूचं घमेलं उगाच मागं सारलं.

तिनं चिखलाचा हात तसाच माझ्या कपाळाला लावला. ताप आहे का ते पाहिलं. हात गार होता आणि ओल्या मातीचा वास येत होता. "बाबू," ती म्हणाली, आणि मग अगदी माझ्याच तऱ्हेनं, बोलता बोलता तोंडातून निघाल्यासारखं तिनं विचारलं, "आज वार कोनता हाये, सांग बरं?"

"गुरुवार," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली. "गुरुवारच हाये."

हात काढून ती पुन्हा मातीकडं वळली. कोपऱ्यातली माती बोटानं सारखी करत होती, ती आधीच सारखी झाली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली,

"तू इचारतं न, त मले लय राग येते."

"नाई इचारनार आता."

"नाई," ती म्हणाली. "इचारत जाय. मी चिडली तरी इचारत जाय. अन वाळू दे आता इकडं, माती सुकून राह्यली."